लालीच्या फाटकात जावयाची गाडी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, अधिक ज्येष्ठातला वद्य पक्ष (ऊन विचारूच नका)

तीर्थस्वरूप दाजी यांस, धाकटा मेव्हणा कमलाकर याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे सध्या कंबर जितकी परवानगी देते तितकाच. त्याचं कारण पुढं लिहीन, किंवा नाहीही लिहिणार.) आपली तब्येत, अक्काचे गुडघे, नुकतीच व्यालेली म्हैस आणि बोअरचं पाणी हे सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मी खोटं लिहिणार नाही. मी खुशाल नाही. माझं डोकं तापलंय. दुर्गा म्हणते उन्हानं. उन्हाचा काही संबंध नाही.

खरं तर फोनच करायचा. पण तुमचा फोन म्हणजे 'बोल, आयकतूय' म्हणायचं, फोन तसाच सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि पाण्याची मोटर चालू करायला जायचं. मागच्या वेळी मी माझ्या दातांची सगळी हकीकत पोटतिडकीनं सांगितली आणि शेवटी तिकडून गळ्यातली घंटा वाजली, तेव्हा कळलं की फोन गोठ्यात खुंटीला टांगलेल्या सदऱ्यात आहे आणि ऐकणारी म्हैस आहे. (तिनं निदान मधे तोडलं नाही.) तेव्हा या खेपेला पत्रच. आमच्या शेजारचा बिरुदेव उद्या बाजाराला मंद्रूपला येतोय, त्याच्याच हाती देतोय.

तर विषय असा, की धाकट्या जावयानं, म्हणजे आमच्या सृष्टीच्या दिग्विजयनं, नवी गाडी घेतली. (धाकटा म्हणतो, कारण या घरचे थोरले जावई तुम्ही. हे मी कधी विसरलेलो नाही आणि तुम्हीही पत्र संपेपर्यंत विसरू नका.) गाडी म्हणजे काय सांगू! अधिक महिन्याचं वाण घ्यायला दोघं श्रीपूरहून आली, सोबत विहीणबाईपण. गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकली तशी मला वाटलं गॅसचा टेम्पो आला, म्हणून मी स्वयंपाकघरातली रिकामी टाकी घेऊन पळत बाहेर गेलो. बघतो तर समोर काळी भिंत. भिंतीची काच खाली झाली आणि वरून, माडीवरून बोलावं तसा जावई म्हणाला, "मामा, टाकी ठेवा की खाली, पाया पडतो." आता हा वर, मी खाली आणि माझ्या हातात टाकी. कोण कुणाच्या पाया पडणार? शेवटी मीच नमस्कार केला, कारण महिना अधिक. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाशी भांडायची सोय शास्त्रात ठेवलेली नाही. ऐन या महिन्यातच त्यानं ही गाडी आणली, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

दुर्गा ओवाळायला ताट घेऊन आली. गाडीला कुंकू लावायचं तर हात पोचेना! पाट आणला, पाटावर चढली, तरी पोचेना. शेवटी देवघराजवळचं स्टूल आणलं, सृष्टीनं आईला धरलं, विहीणबाईंनी सृष्टीला धरलं आणि कुंकू लागलं ते दिव्याला. चाकाखाली लिंबं ठेवली होती, ती फुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. अहो, आपल्या लालीला कुंकू लावायचं तर बाईमाणसाला वाकावं लागतं! गाडी अशी पाहिजे की जिच्यापुढं माणूस वाकेल, पण तिच्यावर हातही ठेवू शकेल. हे मी तिथंच बोललो. कोणी ऐकलं नाही, कारण मी गाडीच्या पलीकडं होतो आणि माझा आवाज अलीकडं आला नाही.

लाली तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण राग आला की मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आमचे अण्णा श्रीपूरच्या साखर कारखान्यात इंजिनियर साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर. साहेब विलायतेला परत गेला, जाताना ही तांबडी, दोन सीटांची, कापडी टपाची स्पोर्ट गाडी अण्णांना देऊन गेला. त्या काळी स्पोर्ट गाडी म्हणजे कशी? बारकी, ठेंगणी, बसल्या बसल्या हात सोडला तर बोटाला डांबर लागेल अशी. (गल्लीतली कार्टी तिला ढेकूण म्हणतात. म्हणोत.) अण्णांनी सोलापुरात घर बांधलं तेव्हा गवंड्याला टेप लावू दिली नाही. लाली मोकळ्या प्लॉटात उभी केली, दोन्ही अंगाला हातभर जागा सोडली आणि तिथं फाटकाचे खांब उभे केले. आधी गाडी, मग फाटक, मग घर. तुमच्या लग्नात तुमची परण्या वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघाली तीसुद्धा लालीतूनच. अण्णांच्या शेजारी तुम्ही एकटे बसलात आणि जागा संपली. करवल्या चालत आल्या, तुमचा फेटा वाऱ्यानं सुटून मागं बँडवाल्याच्या तुतारीत गेला, आणि आजही गल्लीतले म्हातारे म्हणतात की परण्या बघावी तर ती. गल्लीतला असा एक नवरदेव नाही की जो लालीत बसल्याशिवाय बोहल्यावर चढला.

त्या फाटकातून ही भिंत आत येईना. जावयानं आरसे मिटवले (आरसे मिटतात तिचे, लाजाळूच्या पानासारखे, कळ दाबली की), गाडी पुढं घेतली, मागं घेतली, गाडीतली बाई कुईं कुईं करून इंग्रजीत ओरडायला लागली. मी आपला शांतपणे म्हणालो, राहू दे बाहेरच. तर दुर्गा म्हणते कशी, "जावयाची नवी गाडी उन्हात? लोक काय म्हणतील?" आणि दुसऱ्या दिवशी, दाजी, दुसऱ्या दिवशी डावीकडचा खांब पाडला! अण्णांच्या नावाची संगमरवरी पाटी होती त्या खांबावर. ती आता मोरीपाशी उभी आहे आणि तिच्यावर दुर्गा कपडे धुवायचा ब्रश ठेवते. एवढं करून गाडी आत आली ती पुढच्या दारापर्यंतच. ढुंगण अजून गल्लीतच आहे. दूधवाला वळसा घालून येतो आणि मला बोलतो.

मी जावयाला गोडीनं म्हणालो, बाबा रे, एवढी मोठी गाडी कशाला? तुम्ही माणसं किती? नवरा-बायको दोन. तर तो हसला. (हसतो फार गोड, तीच अडचण आहे. चिडायलाही जागा ठेवत नाही.) म्हणाला, "मामा, गाडी न्हाय वाढली, रस्तं ऱ्हायलं बारकं." मग मोबाइल काढून त्यानं मला लालीच्याच कंपनीची आजची स्पोर्ट गाडी दाखवली. मी चष्मा पुसून दोनदा पाहिली. नाव तेच, तोंडवळाही थोडा तोच, पण अंग! तिच्या पोटात आपली लाली टपासकट मावेल आणि वर दोन पोती ज्वारी राहील. सगळ्या गाड्यांचं हेच चाललंय. नाव जुनंच ठेवायचं आणि दर खेपेला थोडं फुगवायचं. पूर्वी जी गाडी माझ्या कमरेला लागायची ती आता माझ्या छातीला येते, आणि स्पोर्ट गाडीसुद्धा दम लागल्यासारखी दिसते. माणसाची बंडी आटते, धोतर आटतं, पेन्शन आटते आणि गाडीच तेवढी वाढते, हे कुठल्या हिशेबात बसतं?

म्हटलं, यांना एकदा दाखवूनच देऊ. जावई त्याची गाडी धुवायला घेऊन गेला, ती संधी साधून मी लाली काढली आणि आहेराचा टॉवेल आणायला सात रस्त्याला निघालो. गल्लीतून निघाली ती कशी म्हणाल, भाकरीवरून लोणी सरकावं तशी! पण सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो आणि दाजी, मला आभाळ दिसेना. डावीकडं चाक, उजवीकडं चाक, पुढं एका गाडीची डिकी आणि डिकीवर 'आईचा आशीर्वाद'. सिग्नल कुठल्या रंगाचा आहे हे मला मागच्यांच्या हॉर्नवरून समजायचं. दोन्हीकडच्या गाड्यांचे एसी माझ्या कानाशी गरम वारा सोडत होते, भट्टीपुढं बसल्यासारखा भाजलो. तेवढ्यात एक ट्रॅफिक हवालदार गाड्यांमधून वाट काढत आला, माझं डोकं पाहिलं आणि काळजीनं म्हणाला, "ओ काका, रस्त्यात खाली का बसलाय? चक्कर आली का?" गाडीत बसलोय हो! त्याला बॉनेट दाखवलं तेव्हा पटलं. मग भोवतीच्या गाड्यांतले सगळे काचा खाली करून माझे फोटो काढायला लागले, आणि एका बाईनं तर मुलाला सांगितलं की बघ बाळा, अशी खेळण्यातली गाडी आजोबांच्या वेळी खरी असायची. टॉवेल न घेताच घरी आलो. आल्यावर थोडा वेळ गाडीतच बसून राहिलो, विचार करत.

आता मुख्य. परवा धोंड्याचं जेवण झालं. दुर्गानं पुरणाचे धोंडे केले, अनारसे केले, वाणाचं तांब्याचं ताट काढलं. मी पाटाशी बसून जावयाचे पाय धूत होतो, एका हातात तांब्या, एका हातात त्याची टाच, आणि रिवाजाप्रमाणे म्हणालो की जावईबापू, काय हवं ते मागा, नाही म्हणणार नाही. असं सगळेच म्हणतात! तुमच्या वेळी अण्णाही म्हणाले होते आणि तुम्ही भल्या माणसासारखं छत्री मागितलीत. या पठ्ठ्यानं काय म्हणावं? म्हणाला, "मामा, मला कायबी नको. फक्त ती शेड मोकळी करा, गाडी सावलीला बसंल. लालीला पुण्याचं एक हौशी गिऱ्हाईक हाय माज्या बघण्यात, दिवाणखान्यात काचंत ठेवील." काचेत, दाजी! माझ्या हातातला तांब्या कलंडला आणि सगळं पाणी सृष्टीच्या नव्या साडीवर गेलं. मी दुर्गाकडं पाहिलं. चाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली ती बाई म्हणते, "द्या की हो, जावई मागतायत!" अधिक महिना, वाणाचं ताट, दिवा लागलेला, विहीणबाई समोर. मी हो म्हणालो. येत्या रविवारी तो पुण्याचा माणूस लालीला न्यायला येतोय. लाली! जिच्यात गल्लीचे सगळे नवरदेव बसले, ती कुणाच्या सोफ्याशेजारी फुलदाणीसारखी ठेवणार!

आणि या मोठ्या गाडीचं खरं रूप कालच दिसलं. जावयाच्या हौसेखातर सगळे अक्कलकोटला गेलो. पुढं जावई आणि मी. मधे विहीणबाई पाय लांब करून आणि सृष्टी. दुर्गाला (वरमाईपुढं वधूमाईनं मागंच बसायचं असतं म्हणे) सगळ्यात मागं, नारळाची पोती, पाण्याचा जार आणि पिशव्यांच्या जोडीला. तिथं जायला मधली सीट दुमडावी लागते, मग बाईनं त्या फटीतून आत घुसायचं. वळसंगच्या पुढं चहाला थांबलो. चहा झाला, सगळे बसलो, दारं आपोआप बंद झाली, निघालो. अक्कलकोटला देवळापाशी उतरलो, नारळ काढायला मागचं दार उघडलं. नारळ आहेत, जार आहे, पिशवीवर दुर्गाची शाल आहे, दुर्गा नाही! सृष्टी म्हणते, शाल बघून मला वाटलं आई झोपली. जावई म्हणतो, मला वाटलं मामी जप करतायत. अहो, माणूस गाडीत आहे की रस्त्यावर राहिलंय हे कळू नये एवढी गाडी काय कामाची? फोन करावा तर फोन तिच्या पिशवीतच वाजतोय!

गाडी उलटी पळवली. चहाच्या टपरीवर दुर्गा बाकड्यावर पदर सावरून बसलेली, पुढ्यात भजी. टपरीवाली चन्नम्मा आमच्याकडं असं बघत होती, जसं पोलिसात द्यायचं की नाही हे ती ठरवतेय. म्हणाली, "आलं की तुमचं मानसं, मावशी. लई मोठी गाडी हाय, म्हणून वेळ लागला वळायला." दुर्गा एवढंच म्हणाली, "आलात?" आणि परत त्या फटीतून मागं जाऊन बसली. तेव्हापासून ती गप्प आहे. जावयाला धोंडे वाढते, मला वाढते, बोलत नाही. मला विचाराल तर अजून जावयाच्याच बाजूची आहे, फक्त कबूल करायला लाजते. लालीत असं झालं असतं का? लालीतून दुर्गा उतरली तर गाडी एका अंगाला वर उठते, आंधळ्यालाही कळेल!

असो. रागाच्या भरात अधिकउणं लिहिलं असेल तर मोठ्या मनानं वाचावं. अक्काला नमस्कार, म्हशीला हिरवा चारा. तुमचाच, फाटकाचा एक खांब उरलेला,

कमलाकर

ता. क. पत्र लिहायचं कारण राहिलंच. दाजी, नाही म्हणू नका. रविवारच्या आत, शनिवारीच, अक्काला घेऊन इकडं धोंड्याच्या जेवणाला या. अण्णा गेल्यापासून थोरल्या जावयाचं वाण राहिलंय, हे मला या घरचा कर्ता म्हणून फार टोचतं. (आजच टोचायला लागलं, पण टोचतं.) मी तुमचे पाय धुवीन आणि सगळ्यांसमक्ष म्हणेन, काय हवं ते मागा. तुम्ही लाली मागा. छत्री मागू नका, हात जोडतो! थोरल्या जावयानं मागितलेलं धाकट्याला मोडता येत नाही, दिग्विजयलाही नाही, मलाही नाही. शब्द दिला तोही पाळला जाईल, शेड मोकळी होईल, आणि लाली तुमच्या ट्रॅक्टरमागं दोरीनं मंद्रूपला. गोठ्यात म्हशीशेजारी राहील. म्हैस समजूतदार आहे.

दुसरा ता. क. सात रस्त्याहून आल्यावर मी लालीत अडकलो होतो आणि जावयानं व दूधवाल्यानं काखेत हात घालून मला ओढून काढलं, असं सृष्टी फोनवर सांगेल. विश्वास ठेवू नका. मी विचार करत होतो हे वर लिहिलंच आहे. ते दोघं आपले उगाच मदतीला आले, आणि कंबर त्या ओढण्यानं गेली.

तिसरा ता. क. येताना एसटीनं येऊ नका, ऊन फार आहे. जावयाची गाडी पाठवतो, मीही येईन सोबत. पुढची सीट मागं पडते आणि पाठीला गार वारा लागतो. हे अक्काला सांगू नका.

दाजी, मी दुर्गा. पाकीट चिकटवाय माज्याकडं दिलं म्हणून वाचलं. ह्यांनी सगळं लिवलंय, पर वळसंगला मी राहिले तवा हे पुढं सीट पाडून घोरत होते, तेवढं न्हाय लिवलं. लाली काढून टाका म्हणून जावयाला मीच सांगितलं होतं. त्यादिशी आडकले आन तोंड पांढरंफटक पडलं, मला लई भ्या वाटलं. जावयाला बोल लावू नका. पर आता शनिवारी या आन लाली मागा. मागून मंद्रूपला नेऊ नका, हितंच ठेवा, ती मोठी गाडी हुबी करू फाटकाबाहीर. चाळीस वर्सं त्या बारक्या गाडीत ह्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले, येकदाबी मागं राहिले न्हाय. आडकले तर आडकले. मी हाय की शेजारी.